मेंदूची साक्ष

शाळेचे वेळापत्रक हा मोठा वाचनीय मजकूर असतो. भिंतीवर चिकटवलेला तो चौकटींचा कागद पाच मिनिटे नीट पाहिला, की त्या शाळेचे, त्या गावाचे आणि आपल्या साऱ्या समाजाचे मन कळते. गणित आणि इंग्रजी सकाळी, मुलांची डोकी ताजी असताना. मराठी जेवणाच्या सुट्टीनंतर. मराठी काय, येतेच! आणि चित्रकला? ती शुक्रवारी, अगदी शेवटी. पाहुणे आले, ओहोळाला पाणी चढले, कुणा गुरुजींना तालुक्याला सभा निघाली, तर पहिला बळी कुणाचा द्यायचा हे आधीच ठरलेले असते. संगीताचा तास तर पुष्कळदा चौकटीतून बाहेरच येत नाही.

आमच्याकडच्या दशावतारात संकासूर वेद पळवतो, आणि त्यासाठी प्रत्यक्ष विष्णूला मासा व्हावे लागते. चित्रकलेचा तास पळवला तर कुणीही अवतार घेत नाही. उलट पालक मास्तरांचे आभार मानतात.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या शाळेत हेच घडायला निघाले होते. माझी मुलगी तिथे आठवीत आहे. फेब्रुवारीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपर्यंत चित्रकला आणि संगीत यांचे तास सरावाला द्यावेत, असा प्रस्ताव पालकसभेपुढे आला. प्रस्ताव मांडणारे मुख्याध्यापक मुलांच्या वाईटावर होते असे मुळीच नाही. मालवण तालुक्यातल्या खेड्यातल्या मुलाला पुढे जायचे तर परीक्षा हीच शिडी, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले. सभेने मान डोलावली. तेवढ्यात एक तरुण शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "संगीत शिकले की मेंदू तल्लख होतो आणि गणित सुधारते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे." त्यावर मागच्या बाकावरून एक होडीवाले पालक शांतपणे म्हणाले, "ह्या सगळा बरा गुरुजी, पण मार्क किती गावतले?"

सभा खळखळून हसली आणि गुरुजी खाली बसले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता. यात खरे किती ते वाचून सांगा. पुढच्या सभेत ठरवू."

आता मी मराठीची एम. ए. मेंदूशी माझा शास्त्रीय परिचय म्हणजे उन्हातून आल्यावर तो तापतो इतकाच. पण आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई मदतीला आल्या आणि दोन महिने रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी वाचत बसले. त्या वाचनाचा हिशेब इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न काही आमच्या एका गावाचा नाही. पुण्यामुंबईच्या घरांतही मूल आठवीनववीत गेले की तबला माळ्यावर जातो आणि रंगाची पेटी धाकट्या भावंडाकडे.

त्या तरुण गुरुजींच्या वाक्याचे मूळ मला पहिल्याच आठवड्यात सापडले. १९९३ साली अमेरिकेत फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट या जगप्रसिद्ध संगीतकाराची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. त्यानंतर लगेच घडीच्या कागदांचे आणि आकृत्यांचे काही प्रश्न घातले. ऐकणाऱ्यांना ते थोडे बरे सुटले. परिणाम टिकला दहापंधरा मिनिटे! मुलांवर तो प्रयोग नव्हता, गणितावरही नव्हता. पण वर्तमानपत्रांतून बातमी फिरत फिरत अशी फुगली, की १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची तबकडी सरकारी खर्चाने पाठवण्याचा घाट घातला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी दिसलाच नाही. आणि दिसला तोही मन प्रसन्न झाल्यामुळे असावा, असे निघाले. म्हणजे दहा मिनिटे आवडीचे गाणे ऐकून माणूस तरतरीत होतो. हे आमच्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेवाचून माहीत होते. जात्यावर बसली की ती पहिल्यांदा ओवीच उचलायची.

ऐकण्याचे झाले. पण शिकण्याचे काय? तिथे गोष्ट वेगळी निघाली.

१९९५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले. आपल्या मेंदूत प्रत्येक बोटाच्या स्पर्शासाठी जणू एकेक वाफा राखलेला असतो. या वादकांच्या डाव्या हाताची बोटे तारांवर सतत नाचत असतात, आणि त्या बोटांचे वाफे इतरांपेक्षा मोठे आढळले. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांचे अधिक मोठे. यावर कुणी शंका काढील, की मुळातच मोठे वाफे असलेली माणसे वादक होत असतील. तिचेही उत्तर २००९ साली बरेचसे मिळाले. बॉस्टनमधल्या सहा वर्षांच्या काही मुलांना पंधरा महिने पियानोचे धडे दिले, काहींना दिले नाहीत. सुरुवातीला दोन्ही गटांच्या मेंदूंत फरक नव्हता. पंधरा महिन्यांनी होता. बोटे चालवणारा भाग, स्वर ओळखणारा भाग आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल, यांची घडण बदलली होती. सराव नुसता बोटांत मुरत नाही, मेंदूच्या बांधणीत मुरतो, असा याचा अर्थ.

इथे मला फार आनंद झाला. वाटले, आता पुढच्या सभेत होडीवाल्यांना गाठायचे! पण पुढचे वाचले तेव्हा तो आनंद जपून वापरावा लागेल हे कळले. त्याच बॉस्टनच्या मुलांत बोटांचे कौशल्य आणि स्वरांची जाण वाढली होती. इतर विषयांच्या चाचण्यांत ती मुले बाकीच्यांपुढे गेलेली नव्हती. टोरंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली १४४ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना वर्षभर पेटीसारखे वाद्य, काहींना गायन, काहींना नाटक शिकवले, आणि काहींना काहीच नाही. बुद्ध्यंक सर्वांचाच वाढला, कारण सारी मुले त्या वर्षी शाळेत जाऊ लागली होती. संगीतवाल्यांचा दोनतीन गुणांनी जास्त वाढला. यापलीकडे काही नाही. २०२० साली अशा ५४ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत एवढाही फरक उरत नाही असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, संगीत हे गणिताचे टॉनिक नव्हे. तबल्यावर बसवले म्हणून मुलगा अपूर्णांकांत पुढे जाईल, असे वचन मेंदूशास्त्र देत नाही. आणि जे देत नाही ते आपण त्याच्या नावावर खपवू नये. नाहीतर उद्या अपूर्णांक चुकले की पहिली कुऱ्हाड तबल्यावरच पडेल.

मग कलेच्या बाजूने उभी राहणारी खरी साक्ष कोणती? ती मला नाटकात आणि चित्रात सापडली, आणि दोन्ही वेळा ती ओळखीची वाटली. कारण तिचे पुरावे आमच्या सिंधुदुर्गात पिढ्यान् पिढ्या रात्ररात्र जागत आले आहेत.

आधी नाटकाचे सांगते. २००० साली एलन विनर आणि लोइस हेटलँड या दोन विदुषींनी, कला शिकल्याने इतर विषय सुधारतात का, याविषयीचे तोवरचे सारे अभ्यास गोळा करून चाळले. बहुतेक दावे त्यांच्या चाळणीतून गळून पडले. जे वर राहिले त्यांत एक ठळक होते: वर्गात धडा किंवा गोष्ट नाटकासारखी करून दाखवली, की मुलांची भाषा सुधारते. ती गोष्ट त्यांना अधिक समजते, बोलणे सुधारते, आणि जी गोष्ट नाटकात कधी केलीच नाही तिचेही आकलन वाढते. टोरंटोच्या प्रयोगातही नाटकाच्या गटातली मुलेच इतरांशी मिळूनमिसळून वागण्यात पुढे गेली होती.

हे वाचताना मला आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी आठवला. दशावतारी घराण्यातला मुलगा. घरची बोली मालवणी. चाचणीच्या वहीत निबंधाचे पान भरता भरता त्याला घाम फुटायचा. एके वर्षी जत्रेत रात्री दोन वाजता मी त्याला अभिमन्यू करताना पाहिले. मागे पडदा नाही, समोर एक बाकडे. तेच सिंहासन आणि तोच रथ. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीत तो पोरगा वीस मिनिटे अस्खलित, भारदस्त, संस्कृत वळणाचे मराठी बोलत होता. आणि त्यातला एक शब्दही लिहिलेला नव्हता! दशावताराला संहिता नसते. प्रयोगाआधी जाणता नट कथानक सांगतो, कुणी कुठे यायचे ते ठरते, आणि मग रंगभूमीवर ज्याने त्याने आपले बोलायचे. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि त्याला भारी पडेल असा परत टाकायचा. पुस्तकी मराठीचा वारा ज्यांच्या घरी फारसा पोचला नाही अशा मुलांना ते मराठी तोंडी देण्याचे काम या बाकड्याने किती वर्षे केले असेल! मी वर्गात व्याकरण शिकवते. त्याने ते अंगावर मुकुट चढवून कमावले होते.

असे आयत्या वेळी सुचते तेव्हा डोक्यात काय होते? २००८ साली चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जाझ पियानोवादकांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवून वाजवायला लावले. एकदा पाठ केलेले आणि एकदा उत्स्फूर्त. उत्स्फूर्त वाजवताना मेंदूचा पुढचा एक भाग शांत झाला. आपल्यावर सतत नजर ठेवणारा, "चुकशील हं" असे बजावणारा तो भाग. आणि मनातले बाहेर मांडण्याशी संबंध असलेला मधला भाग जागा झाला. सहाच माणसांचा प्रयोग. त्यावर इमले रचू नयेत. तरी अभिमन्यू आठवून मला वाटले, या मुलाच्या डोक्यातला तो बजावणारा परीक्षक रात्री बाकड्याखाली झोपत असेल आणि सकाळी वही उघडली की आधी उठून बसत असेल.

आता चित्राचे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१६ साली एक साधा प्रयोग झाला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एकेक शब्द द्यायचा. काहींचे चित्र काढायचे, काही पुन्हापुन्हा लिहायचे. वेळ दोन्हींना सारखाच, ४० सेकंद. नंतर अचानक विचारायचे, कोणते शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द कितीतरी अधिक आठवले. गंमत अशी, की चित्र चांगले असण्याची अटच नव्हती. वेडेवाकडे सफरचंदही तेवढेच काम करत होते. संशोधकांचे म्हणणे असे, की चित्र काढताना अर्थाचा विचार होतो, हात चालतो आणि डोळ्यांपुढे रूप येते. अशा तीन दोऱ्यांनी बांधलेली गोष्ट सहज सुटत नाही.

कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायणमहाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांचा संच, त्याला म्हणायचे पोथी. एकेक चित्र पुढे धरायचे आणि गात, सांगत कथा चालवायची. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली; आपल्या घरच्या गोठ्याचे त्यांनी या कलेसाठी संग्रहालय केले. ही 'पोथी' म्हणजे अक्षरांचे पुस्तक नव्हे, चित्रांचे आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी एवढी आख्याने कशी लक्षात ठेवली, याचे निदान अर्धे उत्तर त्या ४० सेकंदांच्या प्रयोगात असावे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांच्या दहा रंगांची, प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने. खेळता खेळता अवतारांची ओळ पोरांच्या तोंडी बसत असेल, ती हातात पान आणि डोळ्यांपुढे रूप घेऊन.

आणि या सगळ्या मेंदूशास्त्राचा पाया कुठे घातला गेला, ते वाचून तर मी एकटीच हसले. स्पेनमध्ये सान्तियागो रामोन इ काहाल नावाचा एक मुलगा होता, जन्म १८५२. त्याला चित्रकार व्हायचे होते. वडील डॉक्टर, त्यांना चित्रकला म्हणजे पोटावर पाय. (होडीवाल्यांचे आणि त्यांचे छान जमले असते.) शेवटी वडिलांनी युक्ती काढली. स्मशानातली जुनी हाडे आणून मुलाला म्हणाले, काढ यांची चित्रे. पोरगा हाडांत रमला आणि वैद्यक शिकला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे पातळ काप ठेवून त्याने आयुष्यभर चित्रे काढली. मेंदू म्हणजे एकसंध जाळे नसून सुट्या सुट्या पेशींचा मेळावा आहे, हे त्याने ज्या चित्रांतून दाखवले ती आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. १९०६ साली गोल्जी यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुलाच्या वेळापत्रकातून चित्रकला खरोखरच गेली असती, तर मेंदूचे शास्त्र किती वर्षे मागे राहिले असते कोण जाणे!

दुसऱ्या सभेत मी हे सगळे सांगितले, गुणांचे वचन न देता. एवढेच म्हटले, "कलेच्या तासाने गणिताचे मार्क वाढतील असे मी म्हणणार नाही. पण मुलांची भाषा नाटकाने वाढते आणि काढून पाहिलेले लक्षात राहते, याला आधार आहे. आणि मेंदू ऐकून घडत नाही, करून घडतो. हात, गळा आणि डोळा जे करतील तसा तो घडेल. आपली मुले करणार काय? वर्षभर योग्य पर्यायापुढे खूण?" कायद्याचेही बोलले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे, पण पट शंभराच्या वर असेल तर. आमच्या शाळेत या तीन वर्गांत मिळून साठही मुले नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्याच घटली. मग पट वाढायचा कुठून? जिथे शिक्षक मिळायचा नाही तिथे निदान तास तरी राहू द्या, असे माझे मागणे होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि शास्त्र यांच्यामध्ये भिंत नको असे लिहिले आहे. आमच्याकडे भिंत नाही. कलेच्या बाजूची खोलीच पाडायला काढली आहे.

होडीवाल्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात हे मला ठाऊक होते, पण ते उत्तर मी मुद्दाम दिले नाही. त्या दारातून आत आलेली कला त्याच दारातून बाहेर घालवता येते. उत्तर कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या दशावतारी नटाने दिले. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला आले होते. म्हणाले, "मार्कांचा माका म्हायत नाय. पण शनिवारी पोरांका माझ्याकडे धाडा, बोलूक शिकवतंय." अखेर ठरले असे: चित्रकलेचा तास राहिला, संगीताचा फेब्रुवारीपर्यंत गेला, आणि मराठीतला एक धडा दर शनिवारी आजोबांच्या देखरेखीखाली उभा करून दाखवायचा. अर्धी लढाई जिंकलो म्हणायची, आणि उरलेली अर्धी फेब्रुवारीनंतर लढायची.

वाचकहो, तुमच्या घरी सध्या सुट्टी असेल. आमच्याकडे सावंतवाडी, वेंगुर्ले भागात मुले बांबू, गोणपाट आणि कागद जमवून नरकासुर उभा करतात. तुमच्याकडे अंगणात नाहीतर गच्चीत किल्ला होत असेल. तट पुन्हापुन्हा ढासळत असेल. बुरुज कुठे घ्यावा यावर भावंडांची जुंपली असेल. या खटाटोपाला गुण नाहीत, म्हणून अजून कुणी तो पळवलेला नाही. त्याने इतिहासाचे मार्क वाढतात का, हे विचारू नका. संध्याकाळी चिखलाने माखलेले हात घेऊन मूल घरात आले, तर आधी त्याच्या किल्ल्याची गोष्ट पूर्ण ऐकून घ्या. हात काय, मागाहून धुता येतात.